दोन गाण्यांच्या मधलं बोलणं

मित्रहो, टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक बारा इंची तबकडी, लेबल कोरं पांढरं. दुसरी सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, तिच्यावर पेनाने फक्त ‘पील’ असं लिहिलेलं. बीबीसी रेडिओचे डीजे जॉन पील यांच्याबद्दल आज जे सांगायचं आहे ते या दोन वस्तूंत मावतं.

आधी तारखा उरकून घेऊ. जन्म ३० ऑगस्ट १९३९, लिव्हरपूलजवळचं हेस्वॉल. मूळ आडनाव रेव्हन्सक्रॉफ्ट. सक्तीच्या लष्करी सेवेत रडार चालवायचं काम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सशी गाठ तिथेच पडली म्हणायची. मग अमेरिका, तिथली छोटीमोठी रेडिओ स्टेशनं. १९६७ मध्ये इंग्लंडला परत आल्यावर समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ लंडन या बिनपरवाना स्टेशनवर मध्यरात्रीचा कार्यक्रम. ऑगस्टमध्ये नवा कायदा आला आणि ते स्टेशन बंद पडलं. ३० सप्टेंबरला बीबीसी रेडिओ १ सुरू झालं, आणि पील तिथे गेले ते कायमचे. शेवटचा कार्यक्रम १४ ऑक्टोबर २००४ चा. अकरा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, पेरूमधल्या कुस्को शहरात हृदयविकाराने गेले. वय ६५.

त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत पंक, म्हणजे बंडखोर गिटार-संगीत, फार आणि टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेलं नाचाचं संगीत, कमी, असं चित्र दिसतं. पंकचं श्रेय खोटं नाही. पण इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी मंडळी त्यांना घरचा माणूस मानतात, त्याची कारणं निराळी आहेत आणि बरीचशी तांत्रिक आहेत. आज तीच बघायची. दुसरं असं, की रेडिओच्या डीजेची आठवण जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? गाणी त्याची नसतात. त्याचं असतं ते दोन गाण्यांच्या मधलं बोलणं आणि गाण्यांचा क्रम. नेमकं हेच दोन्ही सगळ्यांत आधी फेकलं जातं.

सुरुवात १९७३ पासून. त्या वर्षी पील यांनी टँजरीन ड्रीम या बर्लिनच्या गटाचा ‘आटेम’ हा अल्बम वर्षातला सर्वोत्तम ठरवला. इंग्लंडमध्ये तो तेव्हा आयात करूनच मिळायचा. कार्यक्रमात वाजल्यावर मागणी आली, आणि व्हर्जिन या नव्या कंपनीने गटाशी करार केला. पुढच्या वर्षी त्यांचा सिंथेसायझरवर आणि त्याच्याकडून ठरलेले सूर आपोआप वाजवून घेणाऱ्या सीक्वेन्सरवर उभा असलेला पहिला व्हर्जिन अल्बम निघाला. त्या काळी असलं संगीत रेडिओवर लावणं म्हणजे वेळेचा मोठाच प्रश्न. एक बाजू म्हणजे एक रचना, वीस मिनिटांची. बाकीच्या कार्यक्रमांत तीन मिनिटांचं गाणं, त्यात सुरुवातीच्या वाद्यमेळावर निवेदक बोलणार, शेवट होण्याआधी पुन्हा बडबड सुरू. पील रचना पूर्ण लावत, आणि तिच्यावर बोलत नसत. ऐकायला साधं वाटतं. पण ज्या संगीतात पहिली चार मिनिटं नुसता एक सूर हळूहळू फुलतो, त्यात पहिल्या चार मिनिटांवर बोललात तर उरलं काय?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक गंमत झाली. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि टेप-सिंथेसायझरवर प्रयोग करणारे ब्रायन ईनो या दोघांचा अल्बम नुकताच आला होता. एका बाजूला एकच रचना, अशा दोन बाजू. पील यांच्या कार्यक्रमात तो टेपवरून लावला गेला, आणि लावला गेला उलटा. शेवटाकडून सुरुवातीकडे. ईनो स्वतः रेडिओ ऐकत होते. त्यांनी बीबीसीला फोन केला, तर तिथे कुणी विश्वास ठेवेना.

ही चूक झाली कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. पाव इंची टेप रिळावर गुंडाळलेली असते. एका थरावरचं चुंबकीय रेकॉर्डिंग शेजारच्या थरावर अगदी फिकट उमटतं, आणि हा ठसा बाहेरच्या थराकडे जास्त पडतो. टेप सुरुवात बाहेर ठेवून गुंडाळली तर हा ठसा मूळ आवाजाच्या आधी ऐकू येतो. शांततेत भुतासारखा, क्षणभर आधी. म्हणून स्टुडिओत टेप वाजवून झाली की ती मागे न गुंडाळता तशीच, शेपूट बाहेर ठेवून, डब्यात घालतात. आता तोच ठसा मूळ आवाजाच्या नंतर येतो आणि त्याच्या घुमाऱ्यात लपून जातो. पद्धत उत्तम. फक्त पुढच्या माणसाने वाजवण्याआधी ती रिवाइंड केली पाहिजे. डब्यावर तशी चिठ्ठी असते, शेपटाला वेगळ्या रंगाची पट्टी असते. चिठ्ठी वाचली नाही, पट्टीकडे लक्ष गेलं नाही, रीळ थेट मशीनवर चढवलं, की झालं.

मग प्रश्न येतो की ऐकणाऱ्यांच्या लक्षात कसं नाही आलं. वाद्याचा स्वर आपण ओळखतो तो त्याच्या सुरुवातीवरून. पियानोची पट्टी दाबली की धाडकन आघात आणि मग विरत जाणं. उलटं वाजवलं तर आवाज फुगत येतो आणि दार आपटल्यासारखा तुटतो. तबल्याचा ‘धा’ उलटा वाजवा, शेंबडं पोरही सांगेल काहीतरी बिघडलंय. पण पेटीवर एकच सूर भाता सांभाळून दोन मिनिटं धरला आणि तो उलटा वाजवला तर? फ्रिप-ईनो यांची रचना तशीच होती. गिटारचे लांब सूर, दोन टेपरेकॉर्डरमधून एकच टेप फिरवून काही सेकंदांनी तेच सूर पुन्हा पुन्हा थरांवर थर चढवलेले. ढोल नाही, गायन नाही. ज्या संगीताला पुढे ‘अँबियंट’ म्हणायला लागले त्याच्या व्याख्येतच ही चूक बसते. २००८ मध्ये अल्बम नव्याने निघाला तेव्हा त्यात या रचना उलट्याही दिल्या आहेत, यावरून काय ते ओळखा.

आता ही पांढरी तबकडी. पील आणि चुकीचा वेग, हा त्यांच्या श्रोत्यांमध्ये जुना विनोद आहे. ३३⅓ ची तबकडी ४५ वर लावायची, ४५ ची ३३⅓ वर. काही सेकंदांनी, कधी संपूर्ण वाजून झाल्यावर लक्षात यायचं, मग कबुली, मग पुन्हा योग्य वेगाने. लोक याला विसरभोळेपणा म्हणतात. मला वाटतं हा ज्या रेकॉर्डी ते लावत होते त्यांचा गुण आहे.

हिशेब करू. ३३⅓ ची तबकडी ४५ वर फिरवली की सगळं १.३५ पट वेगाने जातं आणि स्वर पाचाहून थोड्या जास्त अर्धस्वरांनी चढतो. म्हणजे सा गायलेला असेल तर मध्यम ऐकू येतो, आणि तोही जरासा चढा. गाणारा माणूस असेल तर पहिल्या ओळीत खारीसारखा किचकिचाट होतो आणि चूक पकडली जाते. पण टेक्नोच्या बारा इंची रेकॉर्डमध्ये माणूसच नाही. आणि ठेक्याचं गणित बघा. ड्रम अँड बेस या जलद नाचसंगीताचा ठेका मिनिटाला साधारण १७२. तो १.३५ ने भागला की येतात १२७. हा हाऊस संगीताचा अगदी राजमान्य वेग. उलट १३० चा टेक्नो वर ढकलला की होतो १७५, म्हणजे थेट ड्रम अँड बेस. चुकीच्या वेगाने वाजलेली रेकॉर्ड बिघडलेली वाटत नाही, दुसऱ्याच प्रकारातली वाटते. नव्वदच्या दशकात पील दर आठवड्याला गॅबा, जंगल, टेक्नो असलं सगळं मिसळून लावत होते, तेही बऱ्याचदा आदल्या दिवशी टपालाने आलेलं. त्यांच्यासमोर हा सापळा रोज मांडलेला होता.

लेबल बघावं म्हणाल, तर लेबल हे असं. कोरं. व्हाइट लेबल म्हणजे अधिकृतपणे निघण्याआधी काढलेल्या थोड्याशा प्रती, ज्यांवर काही छापलेलं नसतं. छापील लेबलांवरही वेग नसतो कधीकधी. बारा इंची रेकॉर्ड ४५ ची असते किंवा ३३⅓ ची, आणि काहींची एक बाजू एका वेगाची, दुसरी दुसऱ्या. तबकडीवरचा ओरखडा मदत करेल असं वाटतं. तो एका फेऱ्याला एकदा टिक वाजतो, ३३⅓ वर १.८ सेकंदांनी, ४५ वर १.३३ सेकंदांनी. पण त्यावरून कळतं ते इतकंच की तुम्ही कोणत्या वेगाने वाजवताय. कोणत्या वेगाने वाजवायची, ते नाही.

ओळखायच्या खात्रीच्या खुणा तीन. एक, हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांज. खऱ्या वेगाला तिचा आवाज कोरडा, ‘त्स’ असा तुटतो. हळू वाजली तर ‘त्श्श’ होऊन ओघळते. दोन, खोलीचा घुमारा. माणसाने सेट केलेला रिव्हर्ब साधारण विश्वासार्ह लांबीचा असतो, चुकीच्या वेगाला तो एकतर डबक्यासारखा लांबतो नाहीतर पत्र्याच्या डब्यासारखा आखूड होतो. तीन, आणि ही सगळ्यांत पक्की, वीजपुरवठ्याची घूं. युरोपात, आपल्याकडेही, वीज ५० हर्ट्झची. घरगुती स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती घूं कुठेतरी शिरतेच. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज याचा आलेख, बघितला आणि रेघ ५० ऐवजी साडेसदुसष्टवर दिसली, तर ३३⅓ ची रेकॉर्ड ४५ वर चालू आहे. ३७ वर दिसली तर उलट. अमेरिकन रेकॉर्ड असेल तर ६० धरून हिशेब करा, नाहीतर डेट्रॉइटचं अख्खं टेक्नो चुकीचं ठरवाल. हे सगळं अर्थात घरी बसून. थेट प्रक्षेपणात हेडफोनवर आधी दहा सेकंद ऐकणं एवढाच उपाय, आणि त्या दहा सेकंदांत नुसता किकड्रम असेल तर तोही नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी तिसरा वेगही आणला. दर कार्यक्रमात एक ७८ ची तबकडी, पत्नी शीला यांनी निवडलेली. आपल्याकडे नाट्यपदांच्या तबकड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना माहीत असेल, ७८ ला नुसता वेग बदलून भागत नाही. तिची खाच रुंद असते, सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा वाजवते. ब्रेककोअर या तुफान वेगाच्या यंत्रसंगीताच्या शेजारी १९३० च्या आसपासचं गाणं, आणि दोन्हींत खरखर सारखीच. हा शेजार मुद्दामचा होता असं मला वाटतं. काही असो, त्याने कान तयार होतात.

आता सेशन, म्हणजे कलावंतांना स्टुडिओत बोलावून रेडिओसाठी खास केलेलं रेकॉर्डिंग. पील सेशन हा शब्द तुम्ही ऐकलेला असतो तो रेकॉर्डच्या पाकिटावर. त्यामागे मुळात कलाप्रेम नव्हतं, करार होता. बीबीसीला दिवसाला ठरावीक तासच व्यापारी तबकड्या वाजवायची परवानगी होती. याला ‘नीडल टाइम’ म्हणत. रेकॉर्ड कंपन्यांची संस्था आणि म्युझिशियन्स युनियन, दोघांचा आग्रह की सगळा वेळ तबकड्यांनी भरला तर वादकांच्या पोटावर पाय येईल. उरलेला वेळ भरायला बीबीसीने वादकांना स्टुडिओत बोलावून पैसे देऊन रेकॉर्डिंग करायची. ही मर्यादा १९८८ मध्ये संपली, पण तोवर सेशनला स्वतःची प्रतिष्ठा आली होती. पील यांच्यासाठी चार हजारांहून जास्त सेशन झाली, दोन हजारांहून जास्त कलावंतांची.

जागा लंडनमधली मेडा व्हेल. मूळची स्केटिंगची इमारत, १९३० च्या दशकात बीबीसीने घेतलेली. गंमत अशी की बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे टेप कापून आणि ऑसिलेटर जोडून विजेचं संगीत घडवणारा विभाग, १९५८ पासून याच इमारतीत होता. पद्धत ठरलेली. एक दिवस, साधारण चार गाणी. दुपारी सामान लावायचं, वाद्यं आणि ताल आधी, मग वरचे थर, मग गायन, आणि रात्री उशिरापर्यंत मिक्सही तिथेच. दुसरा दिवस नाही. १९८१ ते १९९४ या काळात यातली बरीचशी डेल ग्रिफिन यांनी रेकॉर्ड केली, जे स्वतः ड्रमर होते.

गिटारवाल्यांना ही घाई मानवते. त्यांची गाणी बसलेली असतात, एक-दोन-तीन-चार म्हणायचं आणि सुरू. इलेक्ट्रॉनिकवाल्यांचं तसं नाही. त्यांची यंत्रं एकमेकांना बांधलेली असतात. सीक्वेन्सर सिंथेसायझरला सांगतो, ड्रम मशीन सीक्वेन्सरला ताल देते. घरातून उचलून दुसऱ्या खोलीत नेलं की कुठलीतरी एक केबल दगा देते. जुने ॲनालॉग सिंथेसायझर गरम होईपर्यंत सुरात राहत नाहीत. चालू करून अर्धा तास थांबायचं आणि मग सूर लावायचा, नाहीतर पहिल्या गाण्याला लावलेला सूर तिसऱ्या गाण्याला उतरलेला असतो. सॅम्पलरमध्ये, म्हणजे साठवलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रात, फ्लॉपी घालून आवाज चढवायला मिनिटं जातात, आणि एक फ्लॉपी वाचली गेली नाही तर ते गाणंच गेलं. तरीही सिंथेसायझरवर गाणी करणारे गट सेशनला आले: १९७८ मध्ये ह्यूमन लीग, पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क. आणि हे ज्या युनियनच्या आग्रहामुळे होत होतं, तिच्या मध्य लंडन शाखेने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घाला म्हणून ठराव केला! नशीब, तो पुढे गेला नाही.

डिसेंबर १९८९ मध्ये द ऑर्ब या इलेक्ट्रॉनिक गटाने चार गाण्यांचा संकेत मोडला. जवळजवळ वीस मिनिटांची एक अखंड रचना, इकडूनतिकडून उचललेले आवाज, ड्रम जवळजवळ नाहीत. पील यांनी ती पूर्ण लावली. डान्सच्या गर्दीतून बाहेर पडून बसून ऐकायचं संगीत रेडिओवर कसं ऐकू येतं, हे त्या रात्री बऱ्याच जणांना कळलं. नंतर एफेक्स ट्विन, ऑटेकर, बोर्ड्स ऑफ कॅनडा हे इलेक्ट्रॉनिक कलावंत आले. यांच्यापैकी काहींना मेडा व्हेलला यायची सक्तीही उरली नाही. स्वतःच्या खोलीत करा आणि टेप पाठवा. नियम वाकवला तो योग्य जागी, कारण या मंडळींचं वाद्य म्हणजे ती खोलीच.

इथे मराठी कान टवकारायला लावणारी एक गोष्ट. ऑटेकरने १९९९ च्या सेशनसाठी चार रचना दिल्या, त्यांना नावं नव्हती. नाव नसेल तर निवेदनात म्हणणार काय आणि प्रसारणाच्या नोंदीत लिहिणार काय? मग नावं पील यांनीच ठेवली. ती पुढे वॉर्प या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या रेकॉर्डवरही तशीच छापली गेली. त्यातल्या तिसऱ्या रचनेचं नाव आहे ‘गायकवाड’. स्पेलिंग बडोद्याच्या राजघराण्याचं. मँचेस्टरजवळच्या दोन पोरांचं तुटक-फुटक यंत्रसंगीत, आणि नाव आपल्या शेजारच्या काकांचं.

यात थट्टा आहे, पण त्याहून जास्त शिस्त आहे. पील नाव घेतल्याशिवाय काही वाजवत नसत. कलावंत, रचना, लेबल, लेबल अगदीच लहान असेल तर पत्ताही. गायक नसलेल्या संगीतात श्रोत्याला गाण्याची ओळ गुणगुणत दुकानात जाऊन विचारता येत नाही. “ते धक-धक-टिक असलेलं द्या” असं म्हणून काही मिळत नाही. नाव हाच एक दुवा. डेव्ह क्लार्क या टेक्नोच्या डीजेला त्यांनी ‘टेक्नोचा बॅरन’ म्हटलं, ती पदवी आजही त्याच्या पोस्टरवर असते. हे सगळं दोन गाण्यांच्या मधल्या वीस-तीस सेकंदांत घडत होतं.

तर ही कॅसेट. सेशनच्या टेप बीबीसीने बऱ्याच राखल्या, सुरुवातीच्या काही पुसल्याही. रोजचा थेट कार्यक्रम मात्र सहसा ठेवलाच गेला नाही. तो राहिला श्रोत्यांकडे. त्यातही बहुतेक श्रोते पॉझच्या बटणावर अंगठा ठेवून बसायचे. गाणं सुरू झालं की सोडायचं, पील बोलायला लागले की दाबायचं. त्या वेळी शहाणपणाचं होतं, कॅसेटला पैसे पडत. आज उलट झालंय. कॅसेटवरची गाणी शोधली तर पाच मिनिटांत मिळतात, तीही चांगल्या आवाजात. कापलेलं बोलणं कुठेच नाही. त्यामुळे तुमच्या हाती अशी कॅसेट आली तर नीट रेकॉर्ड केलेली कोणती हे बघू नका, आळशी माणसाने केलेली कोणती ते बघा. जो टेप चालू ठेवून झोपून गेला त्याची कॅसेट सोन्याच्या भावाची.

ती संगणकावर घ्यायची कशी, ते आता करूनच बघू. आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही टिकल्या मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. आत बघा, टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे का. आपल्या पावसाळी हवेत हमखास असते. असेल तर मशीनमध्ये घालूच नका, ती हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला. टेपच्या मागे स्प्रिंगवर एक लहानसा नमद्याचा तुकडा असतो, तो टेप हेडवर दाबतो. त्याचा गोंद वाळून तो गळलेला असतो. मग आवाज बसतो, विशेषतः वरचा. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवा. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं एका ताणात बसलेली टेप मोकळी होते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नव्वद टक्क्यांच्या वरचं. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल नको, साध्या ओल्या फडक्याने पुसा.

पुढचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच लोक टाळतात. हेडच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. याला अॅझिमथ म्हणतात. ज्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं त्याचा कल आणि तुमच्या मशीनचा कल एक नसतो. दोन्ही चॅनल मोनो करा, हेडफोन लावा, आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्यापेक्षाही कमी, केसभर फिरवत राहा. एका जागी हाय-हॅट अचानक उजळते. तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी पुन्हा, काही वेळा प्रत्येक बाजूसाठी. आवाज मंद वाटला की लोक डॉल्बी, म्हणजे टेपचा हिस्स कमी करणारी सोय, बंद करतात. आधी कल लावा. कल चुकला की वरचे स्वर उतरतात, डॉल्बीला वाटतं हा शांत भाग आहे, आणि ते त्यांना आणखी दाबतं. दोष स्क्रूचा, शिक्षा डॉल्बीला.

रेकॉर्ड करा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सी-९० च्या दोन बाजू म्हणजे साधारण दीड जीबी, आजच्या काळात काहीच नाही. आवाजाचं शिखर उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. ही मूळ फाईल बाजूला ठेवायची, तिच्यावर काही करायचं नाही.

आणि खरखर काढायचा मोह आवरा. गिटारच्या गाण्यावर चालणारं सॉफ्टवेअर इथे घात करतं. त्याला टिक म्हणजे दोष वाटतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिकवाले नेमके टिकांचंच संगीत करत होते. अडखळणारी सीडी, तुटकी केबल, तबकडीची खरखर, हेच त्यांचे ढोल. टिक काढणारं बटण दाबलंत तर ठेकाच काढून टाकाल, आणि सॉफ्टवेअर सांगेल, एक हजार दोष दुरुस्त केले. टेपचा ‘हिस्स’ कमी करतानाही अँबियंट रचनेतला खरा हिस्स जातो.

वेग तपासायला कार्यक्रमातलं एखादं असं गाणं घ्या जे तुमच्याकडे सीडीवर आहे. सीडीवर ते २४० सेकंदांचं, तुमच्या फाईलमध्ये २३६.४ चं, तर टेप दीड टक्क्याने जोरात चालली आहे. एकाच गाण्यावर विसंबू नका, तीन घ्या. तिन्ही दीड टक्का दाखवत असतील तर संपूर्ण फाईल तेवढी हळू करा. दोन दीड टक्का आणि एक एकदम सदतीस टक्के (तबकडीचे पस्तीस, वर टेपचा वेग) दाखवत असेल, तर थांबा. ती चूक कॅसेटची नाही. ती पील यांची आहे, आणि ती तशीच ठेवायची.

तारीख शोधायची असेल तर आवाजाचा वरचा कडेलोट बघा. ५ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं संपत असेल आणि मोनो असेल तर मध्यम लहरी. १५ पर्यंत स्वच्छ स्टिरिओ असेल तर एफएम. रेडिओ १ ची मध्यम लहरी सेवा १९९४ मध्ये बंद झाली, म्हणजे रेडिओ १ ची पहिल्या प्रकारची कॅसेट त्यानंतरची असूच शकत नाही. आवाज फुगत-विरत असेल, एखाद्या दुसऱ्या स्टेशनची शिट्टी मागे असेल, तर ती लघुलहरींवरची. पील बीबीसीच्या जागतिक सेवेवरही कार्यक्रम करत, तो इकडेही ऐकू यायचा. मात्र बास लघुलहरींत पोचत नाही, तेव्हा तो टेक्नो तुमच्या मशीनमुळे पोकळ वाटतोय असं समजून स्पीकर उघडत बसू नका. सेशनच्या यादीवरून तारीख ठरवताना सावध, कारण सेशन काही आठवड्यांनी पुन्हा लागत. खरी तारीख सांगतं ते मधलं बोलणं. लिव्हरपूलचा फुटबॉल संघ काल जिंकला की हरला, उद्या पाहुणा कोण, बाहेर पाऊस आहे का.

आता बाजू बदलायची वेळ झाली. श्रोत्याने कॅसेट उलटली तेव्हा पाच ते तीस सेकंद गेलेले असतात. काही जण दोन बाजू अशा सफाईने जोडतात की सांधा कळत नाही. मग कुणाला वाटतं पील या गाण्याबद्दल काही बोललेच नाहीत. जोडू नका. मध्ये दोन सेकंद कोरी शांतता ठेवा आणि फाईलसोबतच्या टिपेत मिनिट-सेकंदासह लिहा: इथे कॅसेट उलटली.